पाच अक्षरे आणि एक टिंब

माझा बाप, सगुण पेंटर, अक्षरावर पैसे घ्यायचा.
देवनागरीला एक दर, रोमीला थोडा कमी,
कारण रोमीला वरची रेघ नसते, आणि ती रेघ
सरळ न्यायला अर्धा श्वास पोटात धरावा लागतो.

चोडणच्या फेरीधक्क्यावर पाटी लावायची होती.
खात्याच्या कारकुनाने चिठ्ठीवर लिहून दिले: रायबंदर.
बोटे मोडून मोजले, पाच.
"आणि टिंब?"
"टिंबाचे कसले पैसे, सगुण?"

दोन दिवस पत्रा पांढरा होऊन बाल्कांवात पडून राहिला.
बाप गावभर विचारत हिंडला, म्हणजे काय रे, रायबंदर?
न कळलेला शब्द लिहिताना त्याचा हात कापायचा
(अशाच एका औषधाच्या पाटीवर तो एकदा फसला होता).

पियेदाद बाय टोपलीतले मीठ उपसत म्हणाली,
राजाचे बंदर, दुसरे काय.
कुठला राजा?
तो मला विचारून आला होता काय?

कायतान मेस्त या गोष्टीवर चिडला. राजा नाही, पैसा.
पूर्वी इथे नाण्याला रेय म्हणत,
बांधावरून जायला ते मोजावे लागत, त्याचेच रे, त्याचेच री.
पण कायतान प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी पैसाच शोधायचा,
स्वतःच्या लग्नाच्यासुद्धा.

शणै मास्तरांनी चष्मा पुसला.
पुसतच राहिले.
म्हणाले, कदंबांची गलबते लागत असतील इथे, असे म्हणतात.
मग पाकले आले. त्यांच्या तोंडात राय मावला नाही, री झाला.
बापाने हिशोब केला.
म्हणजे रोमीत माझे एक अक्षर कमी भरते.
हो, मास्तर म्हणाले, साम्राज्य तुला तेवढे देणे लागते.

तिसऱ्या दिवशी त्याने तिथेच, शिडीवर, लिहायला घेतले.
मी खाली डबा धरून. नववीत होते, लाज वाटत होती.
फेरीतून उतरलेल्या दोन स्कूटरी थांबल्या.
पाहुणे होते, उन्हाने लाल झालेले.
एकाने वाचले, दुसऱ्याने माकडासारखी बगल खाजवली,
आणि दोघे इतके हसले की एकाची टोपी मांडवीत पडली.
बाप वळला नाही. द पुरा केला, र पुरा केला.
मला विचारले, काय म्हणाले ते?
मी म्हटले, अक्षर छान आहे म्हणाले.

मग त्याने ब्रश दातात धरला,
उजव्या हाताचे मधले बोट रंगात बुडवले
आणि ब-च्या डोक्यावर टेकवले.
बराच वेळ टेकवून ठेवले,
जसे ताप बघायला आपण कपाळावर बोटे ठेवतो.

बांधाकाठची मिठागरे आता खारफुटीने गिळली.
पियेदाद बायची टोपली कुणी नेली ठाऊक नाही.
मीठ मात्र हवेत आहेच, ते पत्र्याला चाटते,
आधी चव घेते, मग जेवते.
परवा फेरीतून पाहिले: रा गेला आहे, य-ची नुसती काठी,
उरलेल्यावर पक्ष्यांची घाण.
टिंब शाबूत.
बोटाने दिलेला रंग जाड बसतो, हे त्याचे तांत्रिक कारण.

फेरीवाल्याने साखळी सोडली, मासळीवाली बाई ओरडली
पाय काढ गो बाये, आणि मी पाय काढला.

घरी त्याची लाल पुठ्ठ्याची वही आहे. त्या पानावर
रायबंदर, देवनागरी, ५, मिळाले.
रोमी, ८, मिळाले.
आणि खाली, वेगळ्या शाईने,
टिंब, १. येणे.